हद्दीपलीकडचा शिपाई

कदमभाऊ, आज तुमचा तास मी घेतला. ऐकून तुम्ही आधी हसला असता, मग मिशीवरून बोट फिरवत म्हणाला असता, "बागुल मास्तर, तुम्ही? राजधानीचे पोलीस शिकवणार तुम्ही? सटाण्याच्या कांद्याच्या चाळीत वाढलेला माणूस!" बोला, बोला. आता उलट उत्तर द्यायला मलाच तोंड राहिलेलं नाही. वेळापत्रकाच्या फळ्यावर अजून तुमचंच नाव आहे: राजधानीचे पोलीस दल, इतिहास व रचना, हवालदार कदम. कारकुनाने ते पुसलं नाही आणि मीही त्याला सांगायला गेलो नाही.

तुम्हाला जाऊन आठवडासुद्धा झाला नाही. मी फार थकलोय हो. पळून-धावून येतो तसला थकवा नाही हा. बसल्या जागी येतो. सकाळी बूट चढवताना वाटतं, राहू दे आज. पण बिगुल वाजतो, पोरं मैदानावर पाय आपटत जातात, कवायतीचे उस्ताद ओरडतात, मेसमध्ये तीच पातळ डाळ शिजते. आपल्या प्रशिक्षण केंद्रात एका काडीचा फरक पडलेला नाही, आणि मला त्याचाच राग येतो. निदान डाळ तरी एक दिवस करपायला हवी होती.

परवा प्राचार्यसाहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "बागुल, कदम गेले, त्या तासाला आता दुसरा माणूस नाही. तुम्हीच दरवर्षी म्हणायचात ना, हा तास काढून टाका म्हणून? या तुकडीचा तेवढा उरकून टाका. पुढच्या तुकडीपासून बंद करू." घ्या! इतकी वर्षं ज्याच्यासाठी मी साहेबांचं डोकं खाल्लं, ते त्यांनी आपणहून हातावर ठेवलं. आणि मला साधं "येस सर" म्हणता येईना. रुमाल काढून नाक पुसत राहिलो. साहेबांना वाटलं, मला सर्दी झालीय.

तुमच्या तासावर माझा राग होताच, तो मी आजही नाकारत नाही. आपली पोरं इथून कुठं जातात? सुरगाण्याला, पेठला, मालेगावला, फार तर नाशिक रोडला. डोंगरातल्या ठाण्यात जीप बंद पडली की ढकलत नेणाऱ्या त्या पोराला राजधानीच्या कमिशनरला मॅजिस्ट्रेटचे अधिकार असतात की नसतात, हे कशाला पाहिजे? आमच्या जिल्ह्यात एसपी एका खुर्चीत, कलेक्टर दुसऱ्या खुर्चीत, आणि खाली गावात पोलीस पाटील. संपलं. चोरी झाली की माणूस पाटलाच्या ओट्यावर येऊन बोंब मारतो. मी हे म्हटलं की तुमचं ठरलेलं उत्तर तयार, "मास्तर, तुमचा पाटील घोरायला लागला की कायदाही घोरतो. आमच्या शहरात कुणी ना कुणी जागा असतोच." नाव घ्यायचा नाहीत तुम्ही, नुसतं 'शहर' म्हणायचात. म्हणजे आमचं नाशिक काय पाडा होता का?

आणि मग सुरू व्हायचा तो इतिहास! कंपनी सरकारच्या काळातले लाठ्या घेऊन पहारा देणारे भंडारी तुम्ही असे सांगायचात, जणू त्यांच्यात तुमचा सख्खा आजा होता. पुढं कमिशनर आले, शहराचे विभाग पडले, विभागांची ठाणी झाली, ठाण्यांच्या चौक्या, चौक्यांच्या गस्ती. निळा गणवेश आणि पिवळी टोपी. त्या टोपीपाशी आलात की तुमचा आवाज बदलायचा. इथं आल्यावर आमच्यासारखी खाकी चढवावी लागली, तरी ती पिवळी टोपी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवली होती तुम्ही. दसऱ्याला शस्त्रपूजेत रायफलींच्या रांगेत ती आणून ठेवायचात आणि वर झेंडूचं फूल. शस्त्रागाराचा हवालदार कुरकुरायचा, "कदम, टोपी काय शस्त्र आहे का?" तुम्ही म्हणायचात, "डोक्यावर घालून बघ, मग कळेल." मी तेव्हा हसलो होतो. यंदाच्या दसऱ्याला कुणी आणेल ती, देव जाणे.

तुम्ही बदलून आलात तेव्हाची थंडी आठवते का? पहिल्याच महिन्यात माकडटोपी घालून त्र्यंबक रोडवर उभे होतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या टांग्यांना शिव्या देत होतात. "हे काय शहर आहे? चहावालासुद्धा दुपारी झोपतो!" मला पहिल्यांदा तुमची दया आली ती एकलहऱ्याच्या रस्त्यावर. एका रविवारी सायकलवर मला तिथवर ओढत नेलंत, आणि वीज केंद्राची धुराडी दिसल्याबरोबर उतरून कडेला उभे राहिलात. म्हणालात, "हे बघितलं की जरा घरी आल्यासारखं वाटतं." धूर बघून घर आठवणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. पण त्या दिवसापासून तुम्ही मला परके वाटला नाहीत.

माझी बायको तर तुमच्यावर जीव टाकायची. "चहा तयार शे, भाऊ," असं ती म्हणाली की तुम्ही मुद्दाम "शे? कुठं शे?" करत तिची अहिराणी काढायचात, आणि ती पदराआड हसत तुम्हाला दोन भजी जास्त वाढायची. मला कधी वाढली नाहीत. आता तुमचं नाव निघालं की ती स्वयंपाकघरात निघून जाते आणि भांडी जोरजोरात घासते. मीही तिला हाक मारत नाही.

आई गेल्याचा निरोप आला तो दिवस मी विसरणार नाही. सटाण्याची एसटी निघून गेली होती, मला काही सुचत नव्हतं, मी क्वार्टरच्या पायरीवर नुसता बसून होतो. तुम्ही माझा दंड धरून नाक्यावर नेलंत. बाजार समितीत कांदा उतरवून रिकामा परत चाललेला ट्रक थांबवलात, ड्रायव्हरला नावानं हाक मारलीत, "सलीमभाई, आमच्या मास्तरांना आईला पोचवायला जायचंय." त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. मी अग्नी द्यायला वेळेत पोचलो. परत आल्यावर मी विचारलं, तुम्हाला त्याचं नाव कसं ठाऊक? तुम्ही म्हणालात, "नाक्यावरच्या माणसांची नावं ठाऊक असलेली बरी." मला वाटलं, शहरी माणसाला ओळखी काढायची खोड असते. तुमचे आभार मानायचे राहून गेले ते गेलेच. आपल्यात कुठं ती पद्धत होती.

तर तो तुमचा तास. वर्गात कधी घेतला नाहीत. मैदानाकडेच्या चिंचेखाली पोरांना काढायचात. एकाला पारावर उभं करायचं, तो कमिशनर. आणि दर वेळी कुणीतरी सगळ्यात लाजरा, डोंगराकडचा पोरगा शोधून त्यालाच कमिशनर करायचात. त्याच्यापासून खाली दोन रांगा. प्रत्येक रांगेत डेप्युटी, मग असिस्टंट, मग इन्स्पेक्टर, फौजदार, हवालदार आणि शेवटी शिपाई. ही उजवी रांग म्हणजे एक ठाणं, ही डावी म्हणजे दुसरं. दोन्ही रांगांच्या मधून चुन्याची रेघ मारायचात. "हा रस्ता. अलीकडं याची हद्द, पलीकडं त्याची. रेघेपलीकडं बोलायचं नाही. जे यायचं ते वरून येईल." आणि डाव्या रांगेतली शेवटच्या शिपायाची जागा तुमची. ती कधी दुसऱ्याला दिली नाहीत.

मग उजव्या रांगेतल्या शेवटच्या पोराच्या कानात तुम्ही सांगायचात, मुलगी हरवली, लाल परकर, केसात अबोली. तो हवालदाराला सांगणार, हवालदार फौजदाराला, अशी ती वर्दी एकेक कान चढत पारापर्यंत जाणार, आणि तिथून तुमच्या रांगेने एकेक कान उतरत तुमच्यापर्यंत येणार. तेवढा वेळ तुम्ही डाव्या रांगेच्या टोकाला उभे राहून ओरडत असायचात, "लवकर! अरे, लवकर!" शेजारच्या खोलीत माझा पंचनाम्याचा तास चालू असायचा. तुमच्या ओरडण्यानं माझी पोरं खिडकीतून माना काढायची, माझं टाळकं सरकायचं. वर्दी एकदाची तुमच्या कानाशी आली की तुम्ही खाडकन सलाम ठोकून म्हणायचात, "मिळाली, साहेब!" पोरं टाळ्या वाजवायची. मग तुमचं ठरलेलं वाक्य, "रचना पाठ करा, परीक्षेला येते. आणि हद्दीपलीकडच्या शिपायाचं नाव विचारून ठेवा. ते परीक्षेला येत नाही."

मी एकदा सहज विचारलं होतं, "खरंच मिळाली होती का हो ती पोरगी?" तुम्ही चिंचेकडं बघत म्हणालात, "तास संपला, मास्तर." मला वाटलं, भाव खाताय.

आपलं शेवटचं भांडण गेल्या शनिवारचं. कँटीनच्या बाकावर बसून मी तुम्हाला चांगलाच कोपऱ्यात गाठला होता. म्हटलं, "कदमभाऊ, तुमच्या शहरात कमिशनरपासून शिपायापर्यंत एवढी तोंडं, त्या तोंडांत एखादी पोरगी गिळली जाईल. आमच्या पाटलाला सगळं गाव एकदम सांगतं." तुम्ही नेहमीसारखे उसळला नाहीत. बशीत ओतलेला चहा बघत बसलात आणि म्हणालात, "हो, जाते गिळली." मी आत खूश! म्हटलं, इतक्या वर्षांनी हा गडी नमला. दुसऱ्या कपाचे पैसेही मीच दिले. सोमवारी सकाळी तुम्ही मैदानावर यायच्या आधीच खाली बसलात, ते उठलाच नाहीत.

आता वहिनींचं सांगतो. काल दुपारी तुमच्या क्वार्टरवर गेलो होतो. त्या ओट्यावर बसून तुमच्या खाकी शर्टांच्या घड्या घालत होत्या. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "उद्या भाऊंचा तास मी घेतोय. शेवटचाच आहे, पुढं बंद होणार." त्यांनी घडी अर्धी ठेवली. विचारलं, "तुम्ही पण 'मिळाली' म्हणणार का?" मला अर्थ लागेना. तेव्हा त्या म्हणाल्या, "मिळाली कुठं भावजी ती? यांच्या डोळ्यांसमोरून गेली. जत्रेची गर्दी होती. हे रस्त्याच्या एका बाजूला बंदोबस्ताला. लाल परकरातली पोर एका बाईचं बोट धरून रडत चालली होती. यांनी गर्दी बाजूला सारून तिला वाट करून दिली. वर्दी आली तेव्हा तास उलटून गेला होता."

मी म्हटलं, इतका वेळ कसा?

"वर्दी रस्त्यापलीकडच्या ठाण्यात दिलेली. ती वर जाऊन खाली येईतो. आणि रस्त्यापलीकडं त्या ठाण्याचा शिपाई उभा होता, तोंडासमोर, या ओट्यापासून त्या नळापर्यंतसुद्धा अंतर नव्हतं. त्याला ठाऊक होतं. पण त्याची हद्द वेगळी, यांची वेगळी. यांना त्याचं नाव माहीत नाही, त्याला यांचं नाही. दोघं दिवसभर एकमेकांकडं बघत उभे." मग त्या शर्टाची घडी पुन्हा घालायला लागल्या. "तिची आई पुढं कितीतरी दिवस चौकीवर यायची. म्हणून तर हे इकडं बदली मागून आले. तिकडं राहवेना. घरी कधी बोलले नाहीत. मीच एकदा विचारलं, पोरांना 'मिळाली' का सांगता? तर म्हणाले, एकदा तरी मिळू दे ना तिला."

अहो कदमभाऊ! इतकी वर्षं एका बाकावर बसलो आपण. एका ताटात जेवलो. तुमचे भंडारी मला पाठ झाले, टोपीचा पिवळा रंग पाठ झाला, आणि हे एवढं मला सांगता आलं नाही तुम्हाला? मी काय हसलो असतो? राग येतो तुमचा. काल येताना तुमच्या क्वार्टरपासून माझ्या क्वार्टरपर्यंत मी तुमच्याशी भांडत आलो, मोठ्यानं. वाटेत पीटीचे उस्ताद भेटले, त्यांनी मान खाली घातली. आणि तरी आत कुठंतरी वाटतं, तुम्ही दर तुकडीला ते सांगतच होतात की. लवकर, लवकर म्हणून गळा फाडून सांगत होतात. मी खिडकी लावून घेत होतो.

आज सकाळी चिंचेखाली गेलो. पोरं तुमच्या हाताखाली शिकल्यासारखी आपणच उभी राहिली. मागच्या तुकडीने सांगितलं असणार, सगळं ठाऊक होतं त्यांना. पारावर सुरगाण्याचा गावित, कानापर्यंत लाल झालेला. दोन रांगा लागल्या, चुन्याची रेघ त्यांनीच मारली. आणि डाव्या रांगेत हवालदाराच्या पुढची जागा मोकळी. कुणी तिथं पाय ठेवला नाही. भंडाऱ्यांचा इतिहास मी सांगितला, तुमच्यासारखा नाही जमला, दोनदा अडखळलो. कमिशनरचे अधिकार सांगितले, रेघेपलीकडं बोलायचं नाही हेही तुमच्यासारखंच बजावलं. मग काय करणार, जाऊन तुमच्या जागेवर उभा राहिलो. रेघेपलीकडं उजव्या रांगेतला शेवटचा पोरगा, आहिरे नावाचा, माझ्या इतका जवळ की हात लांब केला तर त्याच्या खांद्याला लागावा. तिथं उभं राहिल्याशिवाय ते कळत नाही हो. खिडकीतून तर मुळीच दिसत नव्हतं.

त्याच्या कानात सांगितलं. वर्दी निघाली. पोरं हळू आवाजात, गमतीत, एकेक कान पुढं सरकवत होती. मी ओरडणार नव्हतो, ठरवून आलो होतो. पण वर्दी पाराशी पोचली आणि गावित लाजून जरा थांबला, तेव्हा माझ्या तोंडून निघालंच, "लवकर! अरे, लवकर!" आवाज इतका चढला की हसणं थांबलं.

वर्दी उतरत उतरत माझ्या कानाशी आली. मुलगी हरवली, लाल परकर, केसात अबोली. एक शब्द बदलला नव्हता. सगळी पोरं माझ्याकडं बघत होती, टाळ्या वाजवायला हात तयार. मला तुमचा सलाम येत होता, तुमचं वाक्य येत होतं. ओठांवर आलंही होतं. पण वहिनींची ती अर्धी घडी डोळ्यांपुढून जाईना. मी सलाम केला आणि म्हणालो, "नाही मिळाली, साहेब. शोध चालू आहे."

टाळी वाजली नाही. माझ्यापुढच्या हवालदाराने गडबडून ते वर सांगितलं, त्याने त्याच्या वर, आणि पारावर गावितापर्यंत पोचल्यावर तो नुसता उभा राहिला. बिचाऱ्या कमिशनरला पुढं काय हुकूम द्यायचा ते कळेना. तेवढ्यात रेघेपलीकडून आहिरे हळूच म्हणाला, "सर, मला तर पहिल्यापासून म्हाईत व्हतं. मी हितंच उभा व्हतो."

"मग सांगायचंस ना मला."

"बोलायचं नाय म्हणले ना तुम्ही."

 बुटाने ती रेघ पुसली. म्हटलं, रचना पाठ करा, परीक्षेला येते. आणि पुढच्या वाक्यातलं 'हद्दीपलीकडच्या' एवढंच म्हणालो. आहिऱ्यानेच ते पुरं केलं. मग रांगा मोडल्या, तरी पोरं लगेच पांगली नाहीत. उजव्या रांगेतले डाव्या रांगेतल्यांशी बोलत होते, नाव काय रे तुझं, गाव कोणतं. एका बराकीत इतके महिने झोपणारी पोरं ही.

साहेब व्हरांड्यात उभे होते. त्यांनी पाहिलं होतं की काय, कोण जाणे. म्हणाले, "झालं ना, बागुल? मग काढून टाकायचा हा तास?" मी म्हटलं, "नको साहेब. असू द्या." ते म्हणाले, "अहो, तुम्हीच तर म्हणत होतात!" म्हटलं, "म्हणत होतो. मी घेईन तो." त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं आणि बरं म्हणाले.

तर असं आहे, कदमभाऊ. आपलं भांडण मिटलेलं नाही. पोलीस पाटलाचं माझं म्हणणं मी सोडणार नाही, आणि तुमचे भंडारी मला अजूनही अती वाटतात. पण फळ्यावरचं नाव मी पुसू देणार नाही. पुढच्या तुकडीलाही तुमच्या जागेवर मी उभा राहीन, चिंचेखाली, थकलेला असलो तरी. ओरडेनसुद्धा. फक्त 'मिळाली' मला म्हणवणार नाही. ते तुम्हालाच शोभत होतं, तुम्ही तिला पाहिलं होतं.